बाबांचं सेटिंग

नोकरी पक्की झाली तर मैत्रीच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: घरून काम करायची कायमची मुभा आणि दिवसभर डोळ्यांसमोर बाबा. दुसरी तिच्या लेखी जास्त मोलाची. बाबांची, ज्ञानदेवांची, फुप्फुसं थकली होती. नळी नाकाला, ऑक्सिजनचं मशीन उशाशी. रहाटणीच्या त्या फ्लॅटमध्ये बापलेक दोघंच.

आडवा येत होता तो गुरुवार. दुरुस्तीसाठी दहा ते एक लाईट जायची आणि टेबलाखालच्या इन्व्हर्टरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा भणभणायला लागायचा. मिटिंगमध्ये तिच्या बॉस वर्षाली मॅडम सगळ्यांदेखत विचारायच्या, "काय गं, दळण टाकून बसलीस का?" सगळे हसायचे. एकदा मात्र त्या हसल्या नाहीत. "आवाज बंद होणार नसेल, तर तू रोज हिंजवडीला ऑफिसात यायचं."

ज्ञानदेवांनी ते ऐकलं. पिंपरीच्या कंपनीत तीस वर्षं इलेक्ट्रिक मेंटेनन्सला काढलेला माणूस. एवढंच म्हणाले, "बघतो मी."

पुढच्या गुरुवारी लाईट गेली, पंखा मिनिटभर भणभणला आणि गप्प झाला. "काय केलंत, बाबा?" तर म्हणे, "थोडं सेटिंग." शिवाय आपल्या खोकल्याचा त्रास नको म्हणून ते खोलीचं दारही लावून घेऊ लागले. लाईट आल्यावरच उघडायचे. संध्याकाळी फार दमलेले दिसायचे. मैत्री ते वयावर ढकलायची. बापाच्या हुशारीचं कौतुक मात्र तिनं बिल्डिंगभर केलं.

सातव्या गुरुवारी, साडेअकराला, वर्षाली मॅडमनी नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. मैत्रीनं हेडफोन काढला तोच दारावर टकटक. वरच्या मजल्यावरचा धम्मरत्न. डांगे चौकात त्याचं इन्व्हर्टरचं दुकान. याच आवाजापायी गिऱ्हाइकं त्याचं डोकं खात होती. फुकटात युक्ती मिळाली तर हवीच होती.

"जय भीम, ताई. काकांना म्हणावं, विद्या अशी झाकून ठेवू नका. आम्हालाही शिकवा की!"

"बघ ना, कसा शहाण्यासारखा बसलाय." मैत्रीनं टेबलाखाली बोट दाखवलं.

धम्मरत्ननं वाकून इन्व्हर्टरवर हात ठेवला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हा तर गार आहे. काय काय चालू आहे यावर?"

"लॅपटॉप, वायफाय, बाबांचं मशीन."

"मशीन नाही, ताई. यात सेटिंगबिटिंग काही नसतं. जड लोड पडला की हा तापतो, तापला की पंखा फिरतो. मशीन चालू असतं तर आपल्याला ओरडून बोलावं लागलं असतं."

मैत्रीनं दार ढकललं. ज्ञानदेव पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. नळी नाकाला नीट लावलेली. ओठ जांभळे. मशीनचं बटण बंद. तिनं ते दाबलं. थोड्या वेळानं बाहेर पंखा भणभणायला लागला.

"बंद कर ते," ते धापा टाकत म्हणाले. "मिटिंग... चालू असेल तुझी."

"संपली, बाबा. पक्की झाले मी."

त्यांनी मान हलवली. एखादं काम वेळेत उरकल्यासारखी.

बाबांना घरी सांभाळता यावं म्हणून तिला ती नोकरी हवी होती. सहा गुरुवार तीन-तीन तास आणि आज दीड तास, त्या नोकरीचा हप्ता बाबा श्वासानं भरत होते.