पोचल्याचा निरोप

कावळा शिवत नव्हता. पुणतांब्याच्या घाटावर पिंड मांडून बराच वेळ झाला होता. कावळे लिंबावर बसून होते, चांगले गलेलठ्ठ. पण खाली यायचं नाव घेत नव्हते. प्रवचन आटोपलं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, लाऊडस्पीकरवाल्याने वायरी गुंडाळल्या. लोकांच्या पोटात कावळे कधीचे ओरडत होते. लिंबावरचे मात्र ढिम्म.

"आण्णाचं काहीतरी राहिलंय," रंगनाथनाना म्हणाले. नाना म्हणजे गेलेल्या भिमाजीआण्णांचे धाकटे भाऊ. "आंगद, तू बोल. पोरातच जीव गुतलाय त्याचा."

अंगदने नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. अख्ख्या घाटाला ठाऊक होतं. अंगद वैमानिक होता. मुंबईच्या एका शेठचं खासगी जेट चालवायचा. पगार दांडगा, पण शेठ म्हणतील तेव्हा उठायचं आणि म्हणतील तिथे जायचं. आता छोट्या शहरांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीने त्याला बोलावलं होतं. पगार निम्मा, पण वेळापत्रक ठरलेलं, सुट्टी ठरलेली, आणि शिर्डीची फेरीही त्यांच्याकडेच. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

आण्णांचा कल कुठे असणार, याबद्दल नानांना शंका नव्हती. आण्णांचा जन्म रेल्वेत गेला. पुणतांबा स्टेशनावर गाड्यांचे रूळ बदलून देणारे पॉइंट्समन होते. गाडी सुटली की बाकीचे चहाला जायचे. हे मात्र पुढच्या स्टेशनावरून गाडी पोचल्याचा निरोप येईपर्यंत बाकावरून हलायचे नाहीत. "सुटली म्हंजे झालं का? पोचली म्हंजे झालं," म्हणायचे. असल्या माणसाला शेठची मर्जी सांभाळणारा मुलगा काय आवडणार?

"वेळापत्रकाचा मानूस तो," नाना म्हणाले. "आन् तू झाला शेठचा डायवर. बाप गेला त्या दिशी दुबईत हुता. कंपनीत जातो म्हन त्याला."

अंगदला ते लागलं, कारण ते खरं होतं. शेठचं विमान त्याला सोडवत नव्हतं. लांबचे देश, उंची हॉटेलं, गावात होणारं नाव, सगळंच त्याला आवडायचं. तरी तो पिंडापुढे गेला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आण्णा, शेठची नोकरी सोडतो. कंपनीत जातो. शिर्डीला आलो की घरी येत जाईन."

सगळ्यांनी माना वर केल्या. एका कावळ्याने पंख झटकले आणि तो परत तिथेच बसला.

मग जो तो सुचवू लागला. बहिणीच्या, अश्विनीच्या लग्नाचं सांग. आईला सांभाळीन म्हण. अंगद सांगत गेला. एकाने तर उलटंच बोलून बघायला लावलं. "आण्णा, शेठकडंच राहतो," अंगद म्हणाला. त्याचाही उपयोग झाला नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा कावळा आला नाही की त्या गवताच्या कावळ्याने पिंडाला शिवून घेतात, आणि गावात त्याची चर्चा वर्षभर पुरते. अंगदचं तोंड उतरलं. बापाला शेवटचं पाणी पाजता आलं नव्हतं, आता हेही नशिबी आलं.

तेव्हा अंगदची आई, चांगुणाबाई, उठली. गेल्या दहा दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती. तिने पदराआडून आण्णांचा मोबाईल काढला आणि अंगदच्या हातात दिला.

"नोकरीचं काय लावलंय मघाधरनं?" ती म्हणाली. "त्यांना कुठल्याच नोकरीचं काय न्हवतं. निघालो म्हनून तुझा फोन आला, की हे घिऊन बसायचे."

पडद्यावर नकाशा होता. आभाळातली विमानं दाखवणारं ॲप होतं ते. अश्विनीने ते आण्णांच्या मोबाईलवर घालून दिलं होतं.

"तुझा ठिपका टेकला, की मंगच जेवायचे. दिल्लीला टेको, न्हाईतर दुबईला. त्या दिशी समुद्रावर गेला आन् ठिपकाच गेला. लई येळ बोटानं नकाशा सरकवला. तुझा फोन लागंना. 'पडलं गं इमान,' म्हनले, आन् छाती धरून खाली बसले."

ठिपका का गेला, ते अंगदला ठाऊक होतं. आपण कुठे जातो ते लोकांना दिसू नये, म्हणून शेठना त्यांचं विमान असल्या ॲपवरून काढून टाकायचं होतं. ते काम त्यांनी अंगदकडे सोपवलं होतं, आणि त्याच आठवड्यात अर्ज करून त्याने ते चोख केलं होतं. तो अर्ज त्या दिवशी विमान समुद्रावर असतानाच लागू झाला होता. उतरल्यावर घरी फोन करायची त्याला कधीच सवय नव्हती. निघताना करायचा, तोही शेठची वाट बघत रिकामा असायचा म्हणून.

"आई, आधी का न्हाई सांगितलं?"

"तुला जल्मभर लागलं असतं. आजबी सांगनार न्हवते." तिने पिंडाकडे पाहिलं. "पन त्यांना कुठं ठावं हाय, तू पोचला म्हनून?"

अंगद पिंडापुढे गुडघ्यांवर बसला. हात जोडायचंही त्याला सुचलं नाही.

"आण्णा," तो म्हणाला, "उतरलो मी."

लिंबावरून एक कावळा निघाला तो सरळ पिंडावर आला. नानांनी नदीकडे बघून हात जोडले. गुरुजींनी दर्भ बाजूला ठेवला आणि लोक भराभरा उठून पंगतीकडे निघाले. मोबाईल छातीशी धरून अंगद तिथेच बसून राहिला, आणि कावळा उडून गेला तरी सांगत राहिला, "आण्णा, उतरलो. आण्णा, मी उतरलो."