पाटीवरची दोन अक्षरं

ग्लासगोच्या विमानतळावर आईला आणायला परका ड्रायव्हर गेलेला, त्यामुळे केतकीचा जीव सकाळपासून वरखाली होत होता. तिला नववा महिना, पलंगावरून उठायची बंदी; नवरा बोटीवर. आईचे गुडघे गेलेले, इंग्रजी अक्षर वाचता येत नाही. म्हणून तिनं व्हीलचेअर सांगून ठेवली होती आणि ड्रायव्हरला मराठी अक्षरं काढून पाठवली होती. पाटीवर हेच गिरवा: ‘आई’.

फोन वाजला. ड्रायव्हर पार गोंधळला होता. “मॅडम, व्हीलचेअरवरून दोन आजीबाई आल्यात. दोघीही पाटीकडे बोट दाखवतायत. तुमची कुठली?”

केतकीला हसू आवरेना. “फोन द्या त्यांच्याकडे!”

“अगं, पोचले गं बाई!” आईचा आवाज खणखणीत. “आणि या परभणीच्या. यांचा मुलगा वाटेत अडकलाय. रडकुंडीला आल्या होत्या बिचाऱ्या, तेवढ्यात ही पाटी दिसली. मुलाचा नंबर आहे यांच्याकडे, त्याला आपल्या घरचा पत्ता कळव, आपल्याच गाडीतून आणते त्यांना.”

“अगं, पण पाटी तुझ्यासाठी होती!”

“मग माझं नाव लिहायचं होतंस. आई काय मी एकटीच आहे? आता तूही होशील की!”