थेंब कमी नाही

बोट कोरडंच वर आलं.

दादाने पुन्हा घातलं, पार मुळापर्यंत. ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या तोंडाशी इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट लागायला हवं होतं. गेली सहा वर्षं रोज सकाळी, गार इंजिनावर, ते लागत आलं होतं. आज काहीच नाही. आठ दिवस ट्रॅक्टर जागेवर उभा होता, काल काय तो पहिल्यांदा, झाकण न उघडताच, शेतात नेला, आणि आज ही तऱ्हा.

आठ दिवस, कारण धाकटा भाऊ गेला होता. झोपेतच गेला. भिंतीपलीकडच्या घरात. दादा शेवटचं तोंड बघायला गेला, तेव्हाही त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. सहा वर्षांची सवय!

भांडण तरी कसलं? धाकटा चार माणसांत म्हणाला होता, "दादा, तुझ्या ट्रॅक्टरचा पाण्याचा पंप गळतोय. बदलून घे." झालं! दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "थेंबभर कमी दाखव, मिशी उतरवीन!" मग एकाचे दोन शब्द झाले, दोनाचे दहा, आणि अंगणात भिंत उभी राहिली. जायला-यायला एक फाटक ठेवलं होतं, पण ते कुणी उघडलेलं दादाने पाहिलं नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी दादा झाकण काढायचा, बोट बुडवायचा आणि ते हिरवं बोट भिंतीकडे नाचवत ओरडायचा, "थेंब कमी नाही!" पलीकडून कधी उत्तर आलं नाही. लाजला असेल, दादा म्हणायचा आणि चहाला बसायचा.

मिस्त्री आला. त्याने इंजिन चालू करून तापू दिलं, पंपाखाली हात धरला आणि ओला तळवा दादापुढे केला.

"सील गेलंय. आजचं नाही, जुनं दुखणं आहे. तापलं की गळतं, गार झालं की थांबतं. म्हणून अंगणात डाग नाही. सारं शेतात सांडत होतं."

"काहीतरीच! रोज काठोकाठ असायचं."

"मग रोज कुणीतरी भरत होतं. आणि नुसतं पाणी नाही हं. नाहीतर हा रंग कधीच उडाला असता. निम्मं कूलंट, निम्मं पाणी, बरोबर मिसळून घालत होतं." मिस्त्री हसला. "हात जाणत्याचा आहे. घरात आहे कोण असं?"

दादाची नजर भिंतीकडे गेली.

तेवढ्यात फाटक वाजलं. नाही, वाजलंच नाही. बिजागऱ्यांना कुणीतरी नेमाने तेल घालत होतं. धाकट्याची बायको आत आली. हातात अर्धा भरलेला कॅन होता, आत हिरवं कूलंट.

"त्यांनी कालवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही उठायच्या आत येऊन भरून जायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

दादाला कॅन धरवेना. "अगं, पण त्याचंच खरं होतं. नुसतं एक दिवस भरलं नसतं, तर माझी मिशी उतरली असती सगळ्यांसमोर. मग का भरत राहिला वेडा?"

तिने पदर डोळ्यांना लावला.

"मीही विचारलं होतं. तर म्हणाले, 'दादा दिवसातून एकदाच माझ्याशी बोलतो. कमी भरलं, तर तेही बंद होईल.'"

मिस्त्री मान खाली घालून हत्यारं गोळा करू लागला. दादा भिंतीपाशी गेला. कोरडं बोट तसंच उभं धरून तो ओरडला, आवाज फाटेपर्यंत ओरडला, "कमी आहे रे! पाणी कमी आहे!"