हरकत असल्यास

"पोरी, नोटीस मिळाल्याची सही तर केली मी, पण मनाला पटेना," पलीकडचे कंपाउंडरकाका घरातल्याच तिच्या शिवणाच्या दुकानाच्या उंबऱ्यातून म्हणाले. "तुझं शिवणकाम आता कुठे हलवणार?"

तिने शर्टाची कॉलर मशीनखालून काढलीसुद्धा नाही. "माझं शिवणकाम? त्याला काय झालंय?"

काकांनी हातातला कागद तिच्यापुढे धरला. शेजाऱ्यांना द्यायची नोटीस होती. सदर जागेवरील एकमजली घर पाडून चार मजली इमारत बांधण्याची परवानगी मागितली आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. अर्जदार, तिचा धाकटा भाऊ. खाली सहमालक म्हणून तिची सही.

तिने पुन्हा वाचलं. हात थांबले होते, पाय मात्र चालतच राहिले. सुई कॉलरच्या पार पुढे गेली आणि नुसतीच खालीवर होत राहिली.

सही तिचीच होती. गेल्या महिन्यात तो स्वयंपाकघरात कागद घेऊन आला होता. "ताई, विजेचं मीटर बदलायचंय. इथे, आणि इथे." ओला हात पुसून तिने सही ठोकली होती.

"कुणाकुणाला आलीय ही?"

"सगळ्या गल्लीला. चौदा दिवस झाले. आम्हाला वाटलं, दोघांनी मिळूनच ठरवलंय."

चौदा दिवस. समोरची दूधवाली, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळे तिच्याशी रोज हवापाण्याचं बोलत होते.

आतल्या खोलीतून भाऊ तोंड पुसत बाहेर आला. कागद दिसताच त्याचा चेहरा पडला.

"ताई, मी सांगणारच होतो."

"गल्लीला आधी सांगितलंस?"

"अगं, शेजाऱ्यांना कळवायचा नियमच आहे. त्याशिवाय अर्ज घेत नाहीत."

"आणि मला?"

"तू काय परकी आहेस?"

काकांनी मान खाली घातली. भावाची शाळेची पहिली पँट तिने याच मशीनवर शिवली होती. ओरडावं की हसावं, तिला कळेना. ती वळली ती काकांकडे.

"मुदत कधी संपते?"

"उद्या. पण उद्या नगरपालिकेच्या कचेरीला सुट्टी. म्हणजे आजच, पाचपर्यंत."

काकांच्या हातातली नोटीस घेऊन ती उठली. गळ्यातली टेप तशीच राहिली.

"ताई, असं करू नकोस. लोक काय म्हणतील!"

"लोकांना तू कळवलंयस की."

ती कचेरीत पोचली तेव्हा कारकून कपाटाला कुलूप लावत होता. तिला धाप लागली होती. बोलता येईना, म्हणून तिने मागे हरकत लिहिलेली ती नोटीसच टेबलावर ठेवली.

"हरकत? आणा." त्याने नाखुशीनेच नकाशा उलगडला. "शेजारी ना तुम्ही? तुमचं घर कोणतं, दाखवा."

तिने बोट ठेवलं. त्याने चष्मा वर सरकवला आणि वाकून पाहिलं. बोटाखालच्या चौकोनावर लाल रेघा मारलेल्या होत्या.

"अहो बाई, हे तर पाडायचं घर आहे."

"हो," ती म्हणाली. "मी आत्ता तिथूनच आले."