जुळणारं सॉफ्टवेअर

आत्याच्या साठाव्या वाढदिवसाला भाच्याने नव्या कोऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढले. तेही रॉ, म्हणजे कॅमेऱ्याला जसं दिसलं तसं, वर कसलीही रंगरंगोटी नाही. घरी येऊन फाइल उघडायला बसला, तर एकेक सॉफ्टवेअर हात वर करू लागलं. एकाला हा कॅमेराच ओळखीचा नव्हता, दुसऱ्याला याचा कॉम्प्युटर फार म्हातारा वाटला आणि तिसऱ्याने अख्खं खानदान जांभळं करून दाखवलं.

इकडे आत्याचा रोज सकाळी फोन. "काय रे, फोटो काढलेस की पुरून ठेवलेस? माझ्या मैत्रिणी वाट बघतायत!"

भाचा इरेला पेटला. दिसेल ते सॉफ्टवेअर उतरवून घेत, उडवत, शेवटी त्याला एक असं गवसलं, की ज्याने कॅमेरा बघताक्षणी ओळखला आणि फोटो लख्ख उघडला. तो तसाच धावत जाऊन आत्याला घेऊन आला आणि त्याने तिला स्क्रीनसमोर बसवलं.

"बघ आत्या, काय बारकावे टिपलेत! काकांच्या मिशीतलं केकचं क्रीम बघ. तुझ्या हनुवटीवरचा हा केस बघ. आणि सुरकुत्या तर एकूण एक मोजून घे!"

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली.

 

"कॅमेऱ्याशी जुळणारं मिळालं ना? आता माझ्याशी जुळणारं शोध."