शपथविधीच्या आदल्या दिवशी

‘गाडी जरा लांबच उभी करायला सांगा, साहेब,’ शेजारीण दारातच हळू आवाजात म्हणाली. ‘सकाळपासून आई नुसत्या तळमळत होत्या. आत्ता कुठे शांत झाल्यात. डॉक्टर म्हणाले, आता काही खरं नाही.’

कॅप्टनने मान हलवली. सोबतच्या पोलिसाला कोपऱ्यावरच थांबवलं, बूट काढले आणि लंगडत आत गेला. सैन्य सोडून किती वर्षं लोटली, राजकारणात केस पांढरे झाले, तरी लोक त्याला कॅप्टनच म्हणत. उद्या तो मंत्रिपदाची शपथ घेणार होता.

खोलीत औषधांचा वास दाटला होता. खिडकीखालच्या खाटेवर आई मूठभर उरली होती. सगळी गल्ली तिला आईच म्हणे. डोळे तर तिचे लढाईच्या आधीच गेले होते.

लढाई संपली, दवाखान्यातून सुटका झाली आणि तो कुबडी घेऊन या दारात उभा राहिला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला होता. बराच वेळ. मग ‘आलास?’ एवढंच म्हणाली.

‘आलो,’ तो म्हणाला.

त्यानंतर एकही रविवार त्याने चुकवला नाही.

पहिल्या निवडणुकीत तो सपाटून आपटला. भाषणाला उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मग तो आईपुढे बसून तालीम करू लागला. ‘हुकूम सोडू नकोस. माणसांशी बोलतोयस,’ ती म्हणे. दुसऱ्या खेपेला तो निवडून आला. लढाईत पडलेल्यांच्या आईबापांना पेन्शन मिळावी म्हणून सभागृहात घसा फोडून भांडला आणि कायदा करून घेतलाच.

पक्षातल्या एकाने सुचवलं होतं, आईंना व्यासपीठावर बसवू, आंधळी म्हातारी पाहून लोक हेलावतील. कॅप्टन त्याच्या अंगावर असा धावून गेला की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. त्याची बायकोही इथे कधी आली नाही. ‘तुमचा सगळा जीव तिथेच,’ असं मात्र अधूनमधून म्हणे.

‘आई.’

‘ये.’ ती जागीच होती. ‘जेवलास?’

‘हो.’

‘खोटं.’

त्याने चमच्याने दूध तिच्या ओठांशी नेलं. दोन घोट घेऊन तिने तोंड फिरवलं.

‘उद्या मंत्री होतोय मी.’

‘म्हणजे आता आपल्या नळाला पाणी येईल?’

‘येईल.’

‘मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतास.’

दोघंही हसले. हसता हसता तिला ठसका लागला. त्याने तिला उठवून बसवलं, पाठीवरून हात फिरवला. बरगडी न् बरगडी हाताला लागत होती. गोळ्या झेलताना वाटली नव्हती इतकी भीती त्याला वाटली.

‘माझ्याकडे चल. बंगला मिळणार आहे. डॉक्टर असेल, नर्स असेल.’

‘नको. इथेच बरी आहे मी.’

‘मग उद्या मी जात नाही. शपथ काय, नंतर घेता येईल.’

‘वेडा कुठला.’ तिने चाचपत त्याचा हात धरला. ‘एक विचारू? खरं सांगशील?’

‘विचार ना.’

‘माझं पोर गेलं, तेव्हा तू त्याच्याजवळ होतास ना?’

दारातली शेजारीण जागच्या जागी थिजली. कॅप्टन म्हणाला, ‘माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं.’

‘बरं झालं.’ तिने त्याचा हात सोडला. ‘आता ऊठ. तुझ्या आईकडे जा. तिचं पोर तरी परत आलंय.’