आतलं दिसू दे

"हात लावायचा नाही, दार उघडायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही," संग्रहालयाच्या बाईंनी पुन्हा बजावलं. "बाकी तुमचंच राज्य."

"म्हणजे श्वास घ्यायला परवानगी आहे," फोटोग्राफर म्हणाला.

"काचेवर वाफ धरणार नसेल, तर घ्या."

तो हसला आणि ट्रायपॉडचे पाय आवळू लागला. समोर गर्द हिरवी, लांब नाकाची जुनी मोटार उभी होती. चारही चाकांना लाकडी ठोकळे लावलेले.

"ठोकळे कशाला?"

"हँडब्रेक धरत नाही. आली तेव्हापासूनच. आमच्याकडे दुरुस्ती करत नाहीत, गाडी येईल तशी ठेवतात. तो चेपलेला मडगार्डही तसाच आहे बघा."

त्या मडगार्डची कथा त्याला कुणी सांगायला नको होती. गाडी त्याच्या बाबांची होती.

बाबांचा जीव होता तिच्यावर. पोरांना तिच्यात खेळायला सक्त मनाई; धाकटा, म्हणजे तो स्वतः, तरीही दुपारी बाबा झोपले की खेळणी घेऊन गुपचूप आत शिरायचा. अठरा वर्षांच्या दादाने किल्ली मागून मागून घर डोक्यावर घेतलं होतं. आणि एका सकाळी फाटक मोडलेलं आणि गाडी उताराच्या टोकाला, भिंतीला नाक लावून उभी.

"हँडब्रेक मी माझ्या हाताने ओढला होता," बाबा गरजले. "गाडी काय आपल्या पायांनी चालत गेली?"

दादा शपथेवर नाही म्हणाला. तेव्हा सात वर्षांचा धाकटा पुढे झाला. आदल्या संध्याकाळी दादा टॉर्च घेऊन गाडीत खुडबुड करत होता, हे त्याने पाहिलं होतं. पाहिलं होतं ते सांगितलं. दादाने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. गाडीत काय करत होतास, या प्रश्नाला त्याने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही.

दुपारी दादा घर सोडून गेला. बाबा त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. आहे तशी विकून टाकली.

धाकट्याच्या मनात मोठ्या गाडीबरोबर एका छोट्या गाडीचाही राग होता. दादाने त्याला पत्र्याची मोटार करून दिली होती. बाबांच्या गाडीचा उरलेला हिरवा रंग तिला फासला होता आणि एक चाक निखळलं तेव्हा त्या जागी शर्टाचं पांढरं बटण बसवलं होतं. ती मोटारही त्याच सुमारास नाहीशी झाली. जाताना दादानेच नेली, दिलेलं परत घेतलं, अशी त्याची खात्री होती. पोराचा राग, पण वय वाढलं तसा तोही वाढला.

बाबा गेल्यावर दादाचे फोन यायचे. धाकट्याची अट एकच, "एकदा कबूल कर, मग भेटू." दादाचं उत्तरही एकच, "न केलेलं कसं कबूल करू रे?" दोघेही एकाच बापाचे. मोडतील पण वाकणार नाहीत. असं करता करता तीन तपं उलटली. दोघांची मुलं, सख्खी चुलत भावंडं, एकमेकांना ओळखत नाहीत, याची अलीकडे त्याला लाज वाटायची, पण अट काही सुटत नव्हती. दादाचं दुखणं आता शेवटाला आलंय, असं वहिनींनी कळवलं, तरीसुद्धा नाही.

खिशातला फोन वाजला. वहिनीच होत्या. "भावजी, यांना बोलायचंय."

मग दादाचा आवाज आला, अगदी बारीक. "छोट्या... मीच नेली होती गाडी. आता तरी येशील?"

या वाक्याची त्याने जन्मभर वाट पाहिली होती. ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण तोंडून निघालं ते एवढंच.

"हे तेव्हाच म्हणाला असतास तर, दादा?"

"चुकलंच माझं."

"उद्या येतो. आत्ता बाबांच्या गाडीपुढेच उभा आहे. तिचा फोटो आणतो तुला."

दादा म्हणाला, "आतलंही दिसू दे. बाबांची बसायची जागा."

तेच तर कठीण होतं. छताच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने बंपर डोळे दिपवत होता आणि गाडीच्या पोटात मिट्ट काळोख. म्हणून तर एचडीआर. कॅमेरा जागचा न हलवता एकाच दृश्याचे पाठोपाठ फोटो घ्यायचे. पहिला गडद, पुढचा उजळ, शेवटचा इतका उजळ की बाहेरचं सगळं पांढरंफटक होऊन फक्त काळोखातलं दिसावं. मग संगणकावर सगळे एकात एक मिसळायचे. शेवटच्या फोटोकडे एरवी तो ढुंकूनही पाहत नसे. तो नुसता मिसळण्यापुरता.

आज त्याने खिडकीच्या काचेतून आत नेम धरला. फोटो झाल्यावर बाकावर बसून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तो शेवटचाच फोटो आधी उघडला. दादासाठी.

बाबांची सीट दिसली, उसवलेल्या शिवणीसकट. त्याचे डोळे भरून आले. माफ केलं दादा, तो मनात म्हणाला. अगदी मनापासून माफ केलं.

तो फोटो मोठा करत खाली सरकला. सीटच्या बाजूला हँडब्रेकचा दांडा अर्ध्यावरच थांबलेला होता. तळातल्या ज्या खाचेतून तो मागे यायचा, तिच्यात काहीतरी घट्ट रुतून बसलं होतं. दांडा त्यालाच टेकला होता.

दगड असेल, म्हणून त्याने फोटो आणखी मोठा केला. हिरव्या पत्र्याचं टप होतं, आणि खाली एका चाकाच्या जागी शर्टाचं पांढरं बटण.